पेटीवाले मेस्त्री गेले – आठवणी, आणि दुकानात राहिलेल्या पेट्या

पांढरी_चार

मंडळी, कुडाळ-सावंतवाडी भागात ज्यांनी कधी पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीला दिली असेल, त्यांच्यापर्यंत बातमी पोचली असेलच. आपले पेटीवाले मेस्त्री गेल्या आठवड्यात गेले. पंच्याहत्तरी उलटली होती, तरी दुकान रोज उघडत होते. घरच्यांना नाव इंटरनेटवर नको आहे, म्हणून लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

माझा त्यांचा संबंध कामापुरता. त्यांच्या घरी कधी जेवलो नाही, त्यांच्याकडच्या लग्नकार्याला गेलो नाही. जायचो, पेटी ठेवायचो, आठवड्या-पंधरवड्याने उचलायचो. असं कित्येक वर्षं. तरी गेले पाच-सहा दिवस रियाजाला बसवत नाही.

सतारिया बैठकीआधी खुंट्या पिळतो, तबलजी हातोडी काढतो. गायकाचा तर गळाच त्याचा. पेटीवाला एकटाच असा, की जो दुसऱ्याने लावून दिलेल्या सुरावर आयुष्यभर वाजवतो. लोक मला सांगतात, तुमची पेटी गोड बोलते. ती गोडी मेस्त्रींच्या कानाची आहे. माझी बोटं फक्त पट्ट्यांवर फिरतात. हे त्यांच्यासमोर नीट बोलून दाखवायची वेळ आली नाही. कामाच्या ओळखीत असलं बोलणं होतच नाही. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांचा संबंध आला त्यांनी आठवणी लिहाव्यात. दुसरं, दुकानात दुरुस्तीला आलेल्या अकरा पेट्या तशाच आहेत. त्यांच्या मुलीने मला विचारलं, या कुणाच्या? वहीत गावाचं नाव आणि मजुरी एवढंच लिहिलेलं आहे. ज्यांची पेटी असेल त्यांनी कळवा.

रातांबा

भावपूर्ण श्रद्धांजली.

जाईजुई

अरेरे. ॐ शांती.

पांढरी_चार

रातांबा, तुमच्या वाडीची भजनी पेटी त्यांच्याचकडे असायची ना? दोन शब्दांवर सोडू नका हो. सवडीने लिहा.

तिसरी_घंटा

मी दशावतारात पायपेटी वाजवतो, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. आमचा हंगाम जत्रांपासून सुरू होतो. सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा झाली की पुढे मेपर्यंत रोज नवं गाव. टेम्पोत पेटी, वर रंगाच्या पेट्या, त्यावर ट्रंका, आणि वाटेत खड्डे. पायपेटीचे जे हाल होतात ते डोळ्यांनी बघवत नाहीत. पहाटे नाटक संपतं तेव्हा लाकडावर दव पडलेलं असतं आणि तीच पेटी दुपारी उन्हात टेम्पोत भाजते.

हंगामाच्या मधे पेटी बोलायची थांबली तर मेस्त्री टेम्पोतच बघायचे. दुकानासमोर रस्त्याकडेला टेम्पो लावायचा. मेस्त्री चप्पल काढून वर चढायचे. हो, चप्पल काढून. आम्ही त्यातच बूट घालून वावरतो, आणि ते पेटीशेजारी अनवाणी बसत. एकदा भात्याचा कोपरा फाटला होता आणि रात्री नाटक होतं. त्यांनी चामड्याचा तुकडा तासून पातळ केला, कडेला कागदासारखा होईपर्यंत, आणि सरसाने चिकटवला. मी म्हटलं, मेस्त्रीनूं, फेव्हिकॉल लावा, लवकर सुकेल. ते म्हणाले, "आणि फुडल्या येळाक काढूक जाया तर? सरस शेकलो की सुटता. फेव्हिकॉल लावलो की लाकूडच फाटता."

त्यांच्या मनात कायम पुढची दुरुस्ती असायची. आज लावलेलं उद्या कुणालातरी सोडवायचं आहे, हे धरूनच ते चिकटवत.

कोरीपाटी

माफ करा, मला पेटीतलं काही कळत नाही, धागा वाचतेय. पेटीला सूर लावावा लागतो? मला वाटायचं की पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो.

पांढरी_चार

कोरीपाटी, चांगला प्रश्न आहे. पट्टी दाबली की खालचं झाकण उघडतं आणि भात्यातली हवा रीडवरून जाते. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली. ती थरथरते आणि सूर निघतो. ही जीभ वापराने, धुळीने, गंजाने बदलते. मग सूर उतरतो किंवा चढतो. मोकळ्या टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, रिव्हेटच्या बाजूला घासली की उतरतो. घासायची म्हणजे किती? कानशीचा एक हलका हात. जास्त झालं की पितळ परत येत नाही, रीड गेली.

शिवाय बहुतेक पेट्यांत एका पट्टीला दोन रीडा असतात, एक खर्जाची आणि एक नर. मोठ्या पेट्यांत तिसरी मादी. त्या एकमेकींशी मिळाल्या नाहीत तर सूर डुलतो, वाँव वाँव ऐकू येतं. ते डुलणं हळूहळू मंद होत होत थांबलं पाहिजे.

मेस्त्री रीडच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचे, कानशीचा एकच हात द्यायचे आणि मग थांबायचे. बिडी ओढत नसत, चहा पीत नसत, नुसते थांबायचे. मी विचारलं तर म्हणाले, घासल्यावर पितळ तापतं, तापलेल्या रीडचा सूर खोटा. निवू दे. मग पुन्हा बसवून भाता मारायचा. साडेतीन सप्तकांची पेटी, दोन ओळी, म्हणजे चौऱ्याऐंशी रीडा. करा हिशोब.

रीडवाला

मी या धंद्यात आहे (कोल्हापुरात), मेस्त्रींना दोनदाच भेटलो, पण आदर होता. तरी एक गोष्ट मोकळेपणी बोलतो. त्यांच्या हातच्या पेट्या माझ्याकडे आल्या की मला डोकेदुखी व्हायची. ते भजनी पेटीचा शुद्ध गंधार थोडा उतरवून ठेवायचे. बुवा काळी एकमध्ये (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातो ना, मग काळी एकला षड्ज धरून गंधार, धैवत, निषाद नैसर्गिक जागी. ऐकायला अप्रतिम. पण तीच पेटी एखादी मुलगी शाळेच्या स्पर्धेला घेऊन गेली आणि काळी चारमध्ये गायली, की संपलं. पेटी सगळ्या पट्ट्यांना सारखी हवी. आजच्या काळात सम ट्यूनिंगच योग्य.

पांढरी_चार

तुमचं गणित बरोबर आहे. सम ट्यूनिंगमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी १०० सेंटचे. म्हणून गंधार येतो ४०० सेंटवर. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंट चढा. धैवत १६ ने चढा, निषाद १२ ने. ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय त्याला हे टोचतंच.

पण मेस्त्री विचारल्याशिवाय हे करत नसत. पेटी ठेवली की त्यांचा पहिला प्रश्न, "गातलो कोण?" वाजवणारा कोण हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. गाणारा एकच बुवा असेल तर त्याच्या पट्टीचा गंधार. शाळेची पेटी असेल तर सम. माझ्याकडे दोन पेट्या आहेत, दोन्ही त्यांनी वेगवेगळ्या लावलेल्या.

रीडवाला

हे माहीत नव्हतं. मग माझ्याकडे आलेल्या पेट्या बुवांनी नंतर विकलेल्या असाव्यात. तक्रार मागे घेतो.

मांडवी_काठ

गोव्यातून. याच गंधारावरून पेटीने काय काय सोसलंय! १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. तीस वर्षं रेडिओच्या स्टुडिओत पेटीला जागा नव्हती. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांच्या मधल्या बारीक जागा) नाहीत, असे आक्षेप. आक्षेप खोटे नव्हते, पण त्याच तीस वर्षांत देवळात, नाटकात, भजनात पेटीशिवाय पान हलत नव्हतं. आणि आमच्या बोरीतल्या तुळशीदास बोरकरांनी त्याच वाद्यावर लोकांना रडवलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वादकाचं नाव निदान राहतं. त्या पेट्या लावणाऱ्यांची नावं कुठे लिहिली आहेत? या धाग्यातही नाव नाहीच. (घरच्यांची इच्छा समजू शकतो, गैरसमज नको.)

खवळलेला_समुद्र

सगळे चांगलंच लिहिणार हे ठाऊक आहे. माझा अनुभव वेगळा. आमच्या मंडळाची पेटी त्यांनी अडीच महिने ठेवली. गणपती तोंडावर. रोज कुणीतरी फेरी मारतंय. शेवटी विचारलं, मेस्त्री, पेटी कधी गावतली? उत्तर काय, तर "ता पेटयेक इचार." आम्हाला त्या वर्षी भाड्याने पेटी आणावी लागली. माणूस गेला म्हणून हे विसरायचं का? कारागिराने शब्द पाळायला नको?

तिसरी_घंटा

समुद्रभाऊ, राग समजतो. पण अडीच महिने म्हणजे कुठले? जून-जुलै ना?

खवळलेला_समुद्र

हो, आषाढ. त्याने काय फरक पडतो?

तिसरी_घंटा

सगळा फरक त्यानेच पडतो. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, चामडं ओलावा धरतं. मला एकदा म्हणाले होते, "आज हवा वली आसा. आज लावलेलो सूर उद्या रवाचो नाय." त्या दोन महिन्यांत ते फक्त सुतारकाम करत. भाते, स्प्रिंगा, पट्ट्यांची फेल्टं. सुराला हात लावायचे नाहीत. उघडीप पडली की मग रात्रंदिवस बसायचे.

खवळलेला_समुद्र

मग तसं सांगायचं. आम्ही काय नाही म्हणालो असतो?

जाईजुई

हे मात्र खरं. माझे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचंही हेच. हात बोलायचे, तोंड नाही. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे भिंगातून मान वर करत नाहीत. सासूबाई आतून ओरडायच्या, "अहो, निदान बसा तरी म्हणा!"

पांढरी_चार

समुद्रभाऊ, तुमचं लिहिणं राहू द्या इथे. ते तसेच होते, आणि त्यांना देव करायला हा धागा काढलेला नाही. उशीर माझ्याही पेटीला झालाय. बोलायला अवघड माणूस होता.

रातांबा

पांढरी_चार, तुम्ही म्हणालात म्हणून बसून लिहितोय. उशीर झाला कारण मी आधी आमची पेटी उघडली.

आमच्या वाडीची पेटी वडिलांच्या ताब्यात असायची, ते बुवा होते. दर दोन-तीन वर्षांनी श्रावणात मेस्त्रींकडे जायची. वडील गेल्यावर भजन कमी झालं. धाकटा भाऊ मुंबईला. पेटी कपाटावर. काल ती खाली काढली, वरची जाळी सोडवली, पट्ट्यांखालची फळी उचलली. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळींवर ओळी आहेत. बारीक, तिरक्या अक्षरात.

"नागपंचमी ९४. पंचम बदली."
"गणपती ९७. भाता नवा. सागवान चांगला."
"श्रावण २००१. बुवांचो आवाज उतरलो. काळी एक वरून पांढरी एक."

ही तिसरी ओळ वाचून मी तिथेच बसलो. आम्हाला घरात कुणाला कळलं नव्हतं. वडिलांना दम्याचा त्रास सुरू झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, निदान आम्हाला तेव्हा कळला. आवाज अर्ध्या सुराने खाली आलाय हे मेस्त्रींना आधी कळलं होतं. त्यांनी गंधार नव्या पट्टीला लावून दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही. बहुतेक वडिलांनाही नाही. वडील त्या वर्षी खूश होते, म्हणत होते, यंदा पेटी अंगावर येत नाही.

कोरीपाटी

बाप रे.

जाईजुई

रातांबा, काटा आला अंगावर.

मांडवी_काठ

सगळ्यांनी आपापल्या पेट्या उघडा रे!

पांढरी_चार

मला हे ठाऊकच नव्हतं. मी आमच्या पेटीची मागची बाजू कधी बघितली नव्हती; ते काम त्यांचं असं धरून चाललो होतो. आता उघडली. दोन्ही पेट्यांत आहे. लहान पेटीत: "दिवाळी २००८. मास्तर डावा हात जोरात मारतत. स्प्रिंग घट्ट." आणि मी इतकी वर्षं समजत होतो की या पेटीची पट्टीच मुळात जड आहे. तेव्हा ते तोंडावर बोलले असते तर मी बहुधा वाद घातला असता.

मोठ्या पेटीतली शेवटची ओळ: "गणपती २०२०. भजना नाय. तरी सूर लावलंय."

तिसरी_घंटा

२०२० मध्ये आमचा हंगाम अर्ध्यात बंद पडला होता. मार्चमध्ये. पायपेटी त्यांच्याकडे नेऊन ठेवली, कारण घरात जागा नव्हती आणि पैसेही नव्हते. ते म्हणाले ठेव. पुढच्या हंगामाला आणायला गेलो तर पेटी पुसून, सूर लावून तयार. मजुरी विचारली. म्हणाले, तू वाजवलंसच नाय तर बिघडली खय?

परदेशस्थ_भजनी

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाची पेटी मी सुट्टीत गावी आलो की घेऊन यायचो, विमानात हातात धरून. इकडे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं, फटी पडतात आणि भात्याची हवा टिकत नाही. मी एकदा हे त्यांना समजावत होतो. ते ऐकत राहिले, मग आत गेले आणि एक सुकं करवंट घेऊन आले. म्हणाले यात पाणी घालून पेटीजवळ ठेव. मी अमेरिकेतून शे-दीडशे डॉलरचं आर्द्रतेचं यंत्र आणणार होतो. करवंटीने चाललं. आमच्या हॉलमध्ये येणारे लोक विचारतात की हा पूजेचा भाग आहे का.

आत्ता फोनवर बायकोला पेटी उघडायला लावली. लिहिलंय: "अमेरिका. पाणी ठेवणे."

रीडवाला

मला या पेन्सिलीच्या ओळी वाचून एक वेगळीच गोष्ट सांगाविशी वाटते. आमच्या धंद्यात आम्ही वही ठेवतो ती पैशाची. पेटीचा इतिहास कुणी ठेवत नाही. पेटी माझ्याकडे आली की मला शून्यापासून सुरुवात करावी लागते: कुठली रीड बदलली होती, कुठली मूळची आहे, आधीच्याने कुठे घासलंय. बदललेल्या रीडा बहुधा पालिताण्याच्या, आपल्याकडे बहुतेक तिथूनच येतात. मूळच्या जुन्या विलायती असल्या तर पितळ वेगळं, घासायची पद्धत वेगळी. हे आत लिहिलेलं असेल तर पुढच्या कारागिराचे दोन दिवस वाचतात. म्हणजे त्या ओळी त्यांनी गिऱ्हाइकासाठी लिहिलेल्याच नाहीत. गिऱ्हाईक फळी उचलत नाही. त्या आमच्यासाठी आहेत.

वर तिसरी_घंटा यांनी सरसाचं लिहिलंय, ते आणि हे एकच.

आजपासून मी लिहिणार. माझ्या पोरांनाही सांगितलं.

खवळलेला_समुद्र

आमची पेटी मंडळाच्या खोलीत आहे. सेक्रेटरीकडून किल्ली घेऊन उघडली. लिहिलंय, "मंडळ. पोरां घाई करतत. खर्जाचे चार सूर फुटलेले, पालिताण्यासून मागवले, इले नाय. पाऊस."

त्या वर्षी रीडा आल्याच नव्हत्या, असं दिसतंय. एवढं एक वाक्य तोंडाने बोलले असते तर आम्ही भांडलो नसतो. तरी असो. पेटी आजही चांगली वाजते, हे मान्य करायलाच हवं.

वारकरी_पुणेकर

पुण्याहून, मूळ गाव वेंगुर्ले. माझ्या पेटीत काहीच लिहिलेलं नाही, दोनदा बघितलं. मग आठवलं की मी ती त्यांच्याकडे फक्त पट्टीचं फेल्ट बदलायला नेली होती, सूर लावायला नाही. म्हणजे सुराला हात लावला तरच लिहायचे.

पांढरी_चार, एक विचारतो. त्यांच्या हाताखाली कुणी शिकलं का? की सगळं त्यांच्याबरोबर गेलं?

पांढरी_चार

पुतण्या आहे, तो सुतारकाम उत्तम करतो. खोकं, भाता, पट्ट्या. सुराचं काम त्याला येत नाही आणि तो तसं स्पष्ट सांगतो. एक-दोन मुलं आली होती, महिन्याभरात गेली. कुणी दिवसभर एका रीडसमोर बसायचं? आणि मिळकत ती काय? मोबाइलवर तानपुरा, मोबाइलवर ट्यूनर, नवी पेटी हप्त्याने घरपोच.

मुलगी मात्र लहानपणी त्यांच्यासाठी भाता मारायची. शाळेतून आली की दुकानात. ते घासायचे, ती भाता मारून "वर", "खाली" सांगायची. आता ती सावंतवाडीत नोकरी करते. काल मी दुकानात गेलो होतो तेव्हा एक पेटी मी वाजवून बघत होतो. ती दुसऱ्या खोलीत कपाट आवरत होती, तिथूनच म्हणाली, "काळी चारचो नर चढलोहा." मी ट्यूनर लावून पाहिला. चार सेंट चढा होता. मला ऐकू आला नव्हता.

मी तिला काही सुचवलं नाही. आठवडाही झाला नाही अजून. पण इथे लिहून ठेवतो.

रीडवाला

तिला घाई नको, पण कधी वाटलंच तर घासायचा हात शिकवायला मी तयार आहे. फुकट. हात कुणालाही शिकवता येतो, कान नाही. माझा नंबर पांढरी_चार यांना व्यक्तिगत निरोपात देतो.

कोरीपाटी

मी पेटी विकत घ्यायची ठरवतेय, हा धागा वाचून. कुठल्या पट्टीची घेऊ?

पांढरी_चार

कोरीपाटी, आधी गाऊन बघा, आवाज कुठे सहज बसतो ते. साधारण बायकांचे आवाज काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषांचे काळी एक-दोन. पण पेटी घेताना पट्टी बघायची नसते, सगळ्या पट्ट्या त्यात असतातच. रीडा, भाता आणि लाकूड बघा. भाता भरून पट्टी न दाबता सोडा. हवा पटकन उतरली तर घेऊ नका. आणि शिकत असाल तर सम ट्यूनिंगचीच घ्या, रीडवाला खूश होतील.

रीडवाला

झालो.

पांढरी_चार

आता पेट्यांबद्दल. काल मी आणि पुतण्याने अकराही पेट्या उघडल्या. रातांबांचे आभार, फळीखाली बघायचं सुचलं नसतं. सात पेट्यांचा पत्ता लागला, कारण आधी कधीतरी सूर लावल्याच्या ओळी होत्या: पिंगुळी, माणगाव, नेरूर, आंब्रड, झाराप, मसुरे आणि एक "मुंबई, लालबाग, भजन मंडळ". चार पेट्या पहिल्यांदाच आलेल्या आहेत, त्यात काही लिहिलेलं नाही. त्यातली एक लहान घडीची, लाल भात्याची. एक जुनी, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, झाकणावर चांदणीची नक्षी. उरलेल्या दोन साध्या. फोटो खाली जोडतोय.

एका पेटीत एक वेगळं अक्षर सापडलं. मेस्त्रींच्या ओळींच्या वर, ठसठशीत, मोडीसारख्या वळणाचं. पुतण्या म्हणाला, ते आजोबांचं. म्हणजे मेस्त्रींचे वडील. लिहायची पद्धत त्यांची.

तिसरी_घंटा

नेरूरची पेटी आमच्या मामाकडची असणार. कळवतो.

मालवणी_मासो

मसुऱ्याची आमची! आंगणेवाडीच्या जत्रेआधी दिलेली. वडील रोज विचारत होते पण अशा वेळी फोन कसा करायचा म्हणून गप्प होतो.

जाईजुई

चांदणीच्या नक्षीची पेटी माझ्या मावशीकडे होती त्यासारखी दिसते. मावशी सावंतवाडीला सालईवाड्यात राहते. तिला फोटो पाठवलाय, उद्या सांगते.

वारकरी_पुणेकर

लालबागच्या मंडळातले दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत, विचारतो.

खवळलेला_समुद्र

पांढरी_चार, मजुरीचं काय? झालेल्या कामाचे पैसे घरच्यांना मिळायला हवेत. आणि फक्त या अकरांचे नाहीत. वहीत जुनी बाकी कुणाची असेल तर तीही सांगा. आमच्या मंडळाची आहे असं मला आठवतंय, त्या भांडणाच्या वर्षाची. आम्ही रागाने निम्मेच दिले होते.

पांढरी_चार

मुलीशी बोललो. ती म्हणते जुनी बाकी कुणाकडे मागायची नाही, बाबांनी मागितली नव्हती. पण कुणी आपणहून दिली तर नाही म्हणणार नाही. तुमच्या मंडळाच्या पानावर सातशे रुपये बाकी दिसतात. पान खोडलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी दहापासून दुकान उघडं राहील. मी आणि पुतण्या दोघेही असू. ज्यांच्या पेट्या ओळखल्या गेल्या आहेत त्यांनी यावं. काम पूर्ण झालेल्या पेट्यांवर पुतण्याने हिरवी चिठ्ठी लावली आहे, अर्धवट असलेल्यांवर लाल. लाल चिठ्ठीच्या पेट्या रीडवाला कोल्हापूरला न्यायला तयार आहेत, पण मालकाने हो म्हटलं तरच. कुणीही हार-फोटो वगैरे आणू नये, घरच्यांनी सांगितलंय.

रीडवाला

शनिवारी रात्री मुक्कामाला येतो. गाडीत पाच पेट्या मावतील.

खवळलेला_समुद्र

सातशे त्या वेळचे. मंडळाच्या सभेत मांडून आजच्या मजुरीने देतो. रविवारी मी स्वतः येतो.

जाईजुई

मावशीचीच निघाली! तिने पाठवलेली, आम्हा कुणाला न सांगता. तिला रविवारी येता येणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी ठाण्याहून शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघते. त्या गाडीने अजून कुणी येतंय का? पेटी उतरवायला एक हात लागेल.

वारकरी_पुणेकर

लालबागवाले दोघे त्याच गाडीने निघतायत. त्यांना तुमचा निरोप देतो, डबा नंबर कळवा.